फंक्शन कॉलमागचा करार शिकवायचा कुणी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांसाठी आलेला लेख वाचला. लेख चांगलाच होता, सोपा होता, पण त्यात एका ठिकाणी असं म्हटलंय की फंक्शनला इनपुट द्यायचं आणि उत्तर घ्यायचं, मधलं सगळं कंपायलर (आपला कोड प्रोसेसरच्या सूचनांत बदलणारा प्रोग्रॅम) बघून घेतो, त्यामुळे ते कसं होतं हे आता माहीत असायची गरज उरलेली नाही. हे मला अजिबात पटलं नाही म्हणून लिहितोय. मी कंपायलरच्या बॅकएंडवर, म्हणजे प्रोसेसरच्या सूचना तयार करणाऱ्या भागावर, काम करतो, आणि रोज ज्या बगशी आमची गाठ पडते त्यातले सगळ्यात चिवट बग नेमके या "मधल्या" भागात असतात.

मुळात प्रोसेसरला फंक्शन म्हणजे काय ते कळतच नाही. एक्स८६ वर (इंटेल-एएमडीचे प्रोसेसर) कॉल नावाची सूचना परत यायचा पत्ता स्टॅकवर (मेमरीतली तात्पुरत्या माहितीची रास) टाकते आणि उडी मारते, बस्स. आर्मवर (मोबाइल आणि नव्या मॅकमधले प्रोसेसर) तो पत्ता स्टॅकवर न जाता एका रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतली छोटी जागा) जातो. आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेली इनपुट) कुठे ठेवायची, उत्तर कुठून उचलायचं, कुठल्या रजिस्टरला बोलावलेल्या फंक्शनने हात लावला तरी चालेल आणि कुठली होती तशीच परत करायची, स्टॅक कोणी आवरायचा, यातलं काहीच हार्डवेअर ठरवत नाही. हे माणसांनी बसून ठरवलंय, कागदावर लिहिलंय आणि दोन्ही बाजूचे कंपायलर ते पाळतात म्हणून आपले प्रोग्रॅम चालतात. यालाच कॉलिंग कन्व्हेन्शन म्हणतात.

आणि ही गोष्ट कंपायलरच्याही आधीची आहे. केंब्रिजच्या एडसॅक मशीनवर, जे १९४९ मध्ये सुरू झालं, परतीचा पत्ता जपणारी सूचनाच नव्हती. तेव्हा डेव्हिड व्हीलर यांनी पद्धत काढली की कॉल करणाऱ्याने आधी स्वतःचीच सूचना अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये (हिशेबाच्या रजिस्टरमध्ये) घ्यायची आणि मग उडी मारायची, सबरूटीनने (तेव्हाचं फंक्शनच) त्यात एक ठरलेली संख्या मिळवून परतीच्या उडीची सूचना तयार करायची आणि ती स्वतःच्याच शेवटी नेऊन लिहायची. म्हणजे प्रोग्रॅम चालता चालता स्वतःला बदलायचा! त्यात रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) जमणं शक्य नव्हतं, कारण परतीची जागा एकच, दुसऱ्यांदा आत शिरलात की पहिला पत्ता गेला. पण दोन्ही बाजूंना माहीत असलेला एक ठरलेला नियम ही कल्पना तेव्हाच पक्की झाली, त्यामुळे सबरूटीनची लायब्ररी करून ती वेगवेगळ्या लोकांना वापरता यायला लागली.

आता मुद्द्याचं. हा करार सोर्स कोडमध्ये दिसत नाही, आणि कंपायलरला एका वेळी बहुतेकदा एकच बाजू दिसते. दुसरी बाजू दुसऱ्या फाइलमध्ये असते, किंवा कधीच कंपाइल होऊन पडलेल्या लायब्ररीत असते, किंवा वेगळ्याच भाषेत असते. मग दोन बाजूंचं जुळतंय की नाही हे बघणार कोण? बऱ्याचदा कोणीच नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाला तरी हा करार माहीत हवा.

३२ बिटच्या विंडोजचंच बघा. तिथे सी भाषेची नेहमीची पद्धत सीडिकल, त्यात आर्ग्युमेंट स्टॅकवर जातात आणि काम झाल्यावर कॉल करणारा स्टॅक आवरतो. विंडोजचे स्वतःचे एपीआय (इतर प्रोग्रॅमना वापरायला दिलेली फंक्शन्स) मात्र स्टँडर्ड कॉलवर, तिथे बोलावलेलं फंक्शनच परतताना स्टॅक आवरून जातं. दोन पद्धती का, तर दुसरीत प्रत्येक कॉलच्या जागी आवरायची सूचना लिहावी लागत नाही, कोड थोडा लहान होतो. मग सगळीकडे तीच का नाही वापरली? कारण प्रिंटएफसारखी (मजकूर छापणारी, कितीही आर्ग्युमेंट घेणारी) फंक्शन्स. प्रिंटएफला किती आर्ग्युमेंट दिलीत हे कॉल करणाऱ्यालाच नक्की माहीत असतं, आत बसलेलं फंक्शन फॉरमॅट (छापायच्या मजकुराचा साचा) वाचून फक्त अंदाज करतं, आणि फॉरमॅट चुकला तर अंदाजही चुकतो. अशा वेळी आवरायचं काम कॉल करणाऱ्याकडेच हवं. मला हा तर्क फार आवडतो, कारण यात परंपरा म्हणून काही नाहीये, कोणाकडे कुठली माहिती आहे त्यावरून जबाबदारी ठरलीय.

आता समजा एखाद्याने फंक्शन पॉइंटरचा (फंक्शनचा पत्ता ठेवणारं व्हेरिएबल) टाइप जबरदस्तीने बदलला आणि स्टँडर्ड कॉलवालं फंक्शन सीडिकल समजून बोलावलं. दोघांनीही स्टॅक आवरला! स्टॅक पॉइंटर (स्टॅकचं टोक दाखवणारं रजिस्टर) काही बाइट्सनी सरकला, आणि गंमत म्हणजे लगेच काहीच होत नाही, तो प्रोग्रॅम पुढे कुठेतरी भलत्याच फंक्शनमधून परतताना पडतो आणि माणूस त्या निरपराध फंक्शनमध्ये बग शोधत बसतो. थेट नावाने कॉल केला असता तर लिंकरने (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्रॅम) पकडलं असतं, कारण स्टँडर्ड कॉलच्या नावापुढे आर्ग्युमेंटच्या बाइट्सचा आकडा लावतात आणि नावं जुळली नसती. पॉइंटरमधून गेलात की तेवढाही आधार नाही.

६४ बिट आल्यावर बरंच सुधारलं हे मान्य. रजिस्टर ८ ची १६ झाली आणि आर्ग्युमेंट स्टॅकऐवजी रजिस्टरमधून जायला लागली. पण करार एक झाला का? नाही. लिनक्स आणि इंटेलवाल्या मॅकवर पहिली सहा पूर्णांक आर्ग्युमेंट आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८, आर९ या रजिस्टरमधून जातात, विंडोजवर चारच आणि तीही आरसीएक्स, आरडीएक्स, आर८, आर९ मधून. शिवाय विंडोजवर कॉल करणाऱ्याने ३२ बाइट्सची जागा स्टॅकवर मोकळी सोडायलाच हवी, बोलावलेलं फंक्शन एकही आर्ग्युमेंट घेत नसलं तरी. मधे एखादं दशांश आर्ग्युमेंट आलं तर अजून फरक पडतो. पूर्णांक, डबल (दशांश संख्या), पूर्णांक असा क्रम असेल तर लिनक्सवर आरडीआय, एक्सएमएम० (दशांश संख्यांचं रजिस्टर), आरएसआय, म्हणजे दोन्ही प्रकारांची मोजणी वेगवेगळी, आणि विंडोजवर आरसीएक्स, एक्सएमएम१, आर८, म्हणजे जागेप्रमाणे. एकाच प्रोसेसरवर, एकाच सी कोडचं हे होतं.

आणि अलाइनमेंट, म्हणजे पत्ता ठरावीक पटीतलाच असणं. लिनक्सवर कॉल करायच्या क्षणी स्टॅक पॉइंटर १६ ने भाग जाणारा हवा असा नियम आहे. हाताने असेंब्ली (थेट प्रोसेसरच्या सूचना) लिहिणारा नवा मुलगा हे विसरतो आणि त्याचा प्रोग्रॅम काही फंक्शन्सना कॉल करतो तेव्हा नीट चालतो, प्रिंटएफला कॉल केला की पडतो, कारण आत कुठेतरी मूव्हॅप्स नावाची सूचना असते आणि तिला १६ च्या पटीतलाच पत्ता लागतो. ज्याला नियम माहीत नाही तो म्हणणार प्रिंटएफ बिघडलंय.

पण हे असेंब्लीवाल्यांचे त्रास, आम्ही वरच्या भाषेत लिहितो, असं कोणी म्हणेल, आणि लेखकाचाही रोख तोच दिसतो. म्हणून आर्मवरच्या मॅकचं उदाहरण देतो. ओपन हे फाइल उघडायचं फंक्शन व्हेरिअ‍ॅडिक आहे, म्हणजे त्याच्या आर्ग्युमेंटची संख्या बदलू शकते, परवानग्यांचं तिसरं आर्ग्युमेंट फक्त नवी फाइल बनवताना लागतं. आर्मच्या सर्वसाधारण करारात अशी जादा आर्ग्युमेंटही रजिस्टरमधूनच जातात, पण अ‍ॅपलच्या करारात ती कायम स्टॅकवर जातात. आता दुसऱ्या कुठल्या भाषेतून कोणी ओपनला तीन साधी आर्ग्युमेंट असलेलं फंक्शन म्हणून घोषित केलं, तर परवानग्या रजिस्टरमध्ये गेल्या आणि ओपन त्या स्टॅकवर शोधतंय, जे हाताला लागेल ते उचलतंय. फाइल बनते, एरर येत नाही, परवानग्या मात्र भलत्याच. हाच कोड इंटेलवाल्या मॅकवर वर्षानुवर्षं नीट चालत होता कारण तिथे दोन्ही प्रकारची आर्ग्युमेंट त्याच रजिस्टरमधून जायची. सीची फंक्शन्स बोलावणाऱ्या पायथनच्या सीटाइप्स मॉड्यूलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये या फरकाबद्दल सूचना दिलेली आहे, म्हणजे हा प्रश्न पायथन लिहिणाऱ्यापर्यंत पोचलाय.

साध्या सीमध्येही हेच. फंक्शन घोषित न करता वापरायची जुनी सवलत सी९९ ने (सीचं १९९९ चं स्टँडर्ड) काढून टाकली, तरी कंपायलर पुढे अनेक वर्षं फक्त वॉर्निंग देत राहिले, आणि वॉर्निंग वाचतं कोण. अशा वेळी कंपायलर धरून चालतो की फंक्शन इंट (सहसा ३२ बिटचा पूर्णांक) परत करणार, प्रत्यक्षात ते पॉइंटर परत करत असेल तर ६४ बिटच्या पत्त्याचा वरचा अर्धा भाग जातो. पत्ता खालच्या २ जीबीमध्ये असला तर चालून जातं, वर गेला की क्रॅश. २०२३ मध्ये क्लँग १६ या आणि २०२४ मध्ये जीसीसी १४ या कंपायलरने याला थेट एरर केलं. जुन्या प्रोजेक्टवाल्यांना त्याचा त्रास झाला, तरी मला वाटतं हे करायलाच हवं होतं, खूप आधी करायला हवं होतं.

नव्या भाषांनी हा विषय संपवला असंही नाही. रस्टचा स्वतःचा करार मुद्दाम पक्का केलेला नाही, त्यामुळे बाहेर कोणाशी बोलायचं तर सीचाच करार मागून घ्यावा लागतो. गो भाषेने १.१७ आवृत्तीत, २०२१ साली, ६४ बिट एक्स८६ वर स्टॅक सोडून रजिस्टरमधून आर्ग्युमेंट द्यायला सुरुवात केली आणि त्यांच्या रिलीज नोट्सप्रमाणे प्रोग्रॅम साधारण ५ टक्के वेगवान झाले, कोणी आपल्या कोडची एक ओळ न बदलता. हे त्यांना जमलं कारण गोमध्ये प्रोग्रॅम सहसा सोर्सपासून एकत्रच कंपाइल होतो, आणि हाताने लिहिलेल्या असेंब्लीसाठी जुना करार त्यांनी बाजूला चालू ठेवला. सीला हे कधीच जमणार नाही, जगभर कंपाइल होऊन बसलेल्या लायब्रऱ्यांनी जुनाच करार धरलाय. कन्व्हेन्शन एकदा ठरलं की ते भाषेपेक्षा जास्त टिकतं, म्हणून ते ठरवताना आणि वापरताना माणूस जागा असावा असं मला मनापासून वाटतं.

मुलांना यासाठी अख्खं असेंब्ली शिकवायला नको. अभ्यासक्रमात फंक्शन शिकवतानाच एक तास द्यावा, आणि तुमच्या पुरवणीनेही पुढच्या लेखात एक छोटा प्रयोग छापावा अशी माझी विनंती आहे. दोन संख्यांची बेरीज करणारं फंक्शन लिहायचं, ऑप्टिमायझेशन चालू करून कंपायलरला असेंब्ली दाखवायला सांगायची. लिनक्सवर आरडीआय आणि आरएसआयची बेरीज ईएएक्समध्ये (उत्तराचं रजिस्टर) जाताना दिसेल, विंडोजसाठी कंपाइल केलं तर आरसीएक्स आणि आरडीएक्सची. मग आर्ग्युमेंट वाढवत सातपर्यंत न्यायची. लिनक्सवर सातवं रजिस्टरमध्ये मावणार नाही, ते स्टॅक पॉइंटरपासून ८ बाइट्सवर सापडेल, कारण पहिल्या ८ बाइट्समध्ये परतीचा पत्ता आहे. विंडोजवर पाचवंच स्टॅकवर जातं आणि ते ४० बाइट्सवर असतं. हे ४० कुठून आले ते मुलांनाच शोधू द्या, उत्तर छापू नका.

आपला,
एक वाचक