नऊ चौकोनांत उधारी कुठाय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत स्टार्टअपचं बिझनेस मॉडेल कसं बनवायचं यावर तुम्ही पानभर मजकूर दिला होता, चांगला होता, पोरांनी कापून ठेवावा असा. मी कोल्हापुरात छोट्या धंदेवाल्यांची खाती लिहितो, जीएसटी रिटर्न भरतो, 22 वर्षं झाली, त्यामुळं माझी नजर जरा वाण्याची असेल, पण त्या पानावर एक शब्द मी दोनदा शोधला आणि तो कुठंच नव्हता. उधारी.

घरातलंच सांगतो. माझा पुतण्या आणि त्याचे दोन दोस्त, इंजिनिअरिंग झालेले, त्यांनी सोललेला लसूण हॉटेलांना पुरवायचा धंदा काढला. आयडिया वाईट नव्हती, कारण हॉटेलात लसूण सोलायला माणूस टिकत नाही, हे कुठल्याही मॅनेजरला विचारा. कॉलेजच्या स्पर्धेत त्यांनी बिझनेस मॉडेल एका पानावर मांडायचा तो नऊ चौकोनांचा तक्ता लावला होता, ऑस्टरवाल्डर नावाच्या स्वीस माणसाचा, आता सगळीकडं तोच चालतो. ग्राहक कोण, त्याला काय देणार, माल कसा पोचवणार, भागीदार कोण वगैरे, आणि तळाला डावीकडं खर्च, उजवीकडं उत्पन्न. परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या, दुसरा नंबर आला, ट्रॉफी अजून टीव्हीवर आहे.

हिशोब पण पोरांनी बरोबर मांडलेला, मी स्वतः तपासलाय. मार्केट यार्डात लसूण 140 रुपये किलो, 100 किलो घेतला की साल, देठ, खराब पाकळ्या जाऊन 80 किलो हातात येतो, म्हणजे माल पडला 175 ला. सोलणाऱ्या बायकांना किलोमागं 20, पाऊच, लाईटबिल आणि पेट्रोल धरून 15. झाले 210. विकायचा 240 ला. किलोला 30 रुपये सुटतात आणि रोज 40 किलो जात होता, आता यात चूक काढा बघू.

चूक तारखांची होती. आडत्या ओळखीचा, त्यानं आठ दिवसांची मुदत दिली. बायकांचा पगार दर शनिवारी, तो चुकवून चालत नाही आणि चुकवू पण नये. आणि हॉटेलवाले म्हणाले महिन्याचं बिल द्या, मग बिल दिलं की "साहेब गावाला गेलेत", मग "अकाऊंटंट सुट्टीवर", असं करत पैसे यायला सरासरी 50 दिवस. रोजचा खर्च 8,400. भांडवल 3 लाख, त्यातले 65 हजार जुन्या फ्रीजरमध्ये गेले. राहिलेले 2 लाख 35 हजार 28 दिवसांत संपतात, आडत्याची मुदत धरली तरी सव्वा महिन्याच्या आसपास खडखडाट. तिकडं 50 दिवसांचं बिल 4 लाख 80 हजार लोकांकडं अडकून बसलेलं. आणि गंमत म्हणजे एका हॉटेलनं ऑर्डर वाढवली तर पोरं खूश, पेढे वाटायच्या बेतात. मी म्हटलं, अरे लेका, ऑर्डर दुप्पट झाली म्हणजे अडकणारी रक्कम पण दुप्पट झाली, पेढे कशाचे वाटताय?

एका शुक्रवारी रात्री पुतण्या घरी आला, चप्पल न काढता दारातच उभा. "काका, 4,800 रुपये आहेत का, उद्या बायकांना द्यायचेत, सोमवारी परत करतो." हातात लॅपटॉप, त्यावर त्या महिन्याचा नफा 31,200 रुपये दिसत होता. तो आकडा खोटा नव्हता हो, सही होता. फक्त खिशात नव्हता.

तेव्हा बसून तो तक्ता आम्ही परत काढला, किराणा यादीच्या पाठीमागं. प्रत्येक चौकोनात मी एकच गोष्ट लिहायला लावली: पैसे कुठल्या दिवशी हलणार. मग आपोआप दिसलं की ग्राहकच चुकीचा निवडलाय. वडापावच्या गाड्या, मिसळवाले, छोट्या मेस, यांना चटणीला आणि कटाला रोज लसूण लागतो, अर्धा-एक किलोच घेतात, पण पैसे तिथल्या तिथं, क्यूआर कोडवर टिंग वाजलं की झालं. अर्ध्या किलोचं पाऊच केलं, किलोला भाव 260 लावला आणि कुणी कुरकुर केली नाही कारण एवढ्याशा मालाला भाव कोण करतंय. फिरणं वाढलं, पेट्रोल वाढलं, सकाळी साडेपाचला उठावं लागतं (आईला आनंद). माल 40 वरून 22 किलोवर आला. पण शुक्रवारी रात्री माझ्या दारात कोण उभं राहत नाही.

मोठ्या लोकांना पण हेच लागू आहे. डी-मार्टबद्दल लोक स्वस्ताई बोलतात, पण 2002 ला पवईत पहिलं दुकान निघालं तेव्हापासूनच्या त्यांच्या यशात एक मोठा वाटा असा की गिऱ्हाईक काऊंटरवर रोख देऊन जातंय आणि पुरवठादाराला ते इतरांपेक्षा लवकर पैसे देतात, म्हणून माल स्वस्तात मिळतो. 1959 ला गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला, पहिल्या दिवशी चार पाकिटं. त्या 80 रुपयांत दोन-दोन महिने उधारी देत बसल्या असत्या तर दुसऱ्या आठवड्याचं पीठ कुठनं आलं असतं?

कायदा नाही असं पण नाही. 2006 च्या एमएसएमई कायद्यात सूक्ष्म, लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचं लिहिलंय, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. आणि 2024 च्या एप्रिलपासून आयकरात 43 बी (एच) हे कलम लागू झालं, म्हणजे माल घेणाऱ्यानं मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्चच धरता येत नाही, नफा फुगतो, टॅक्स जास्त. यासाठी माल देणाऱ्याकडं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी लागते, ते ऑनलाईन आणि फुकट आहे, तरी गल्लीत पैसे घेऊन करून देणारे बसलेत हा वेगळा विषय. तुमच्या त्या पानावर लोगो कसा असावा याला एक अख्खा कॉलम होता आणि यातली एक ओळ नव्हती, म्हणून हे पत्र. पुढच्या वेळी एखाद्या आडत्याला, एखाद्या खातं लिहिणाऱ्याला पण विचारा की, फंडिंगवाल्यांनाच का. आणि कॉलेजवाल्यांनी स्पर्धेत पोरांना एवढं विचारावं की पहिल्या 60 दिवसांचा रोजचा गल्ला लिहून दाखव, येणं किती, देणं किती, तारखेसकट. निम्मे तक्ते तिथंच गळतील, गळूदेत.

आमच्या पोरांचं उद्यम पण मी काढून दिलं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, आर्थिक वर्ष संपायच्या तोंडावर, सर्वात जास्त पैसे थकवलेल्या हॉटेलच्या सीएकडून स्वतःहून फोन, तुमचं उद्यम आहे का, सर्टिफिकेट पाठवा, आणि 30 तारखेला सगळे पैसे जमा. पुतण्यानं मला स्क्रीनशॉट पाठवला, वर सतरा इमोजी. एप्रिलपासून त्या हॉटेलनं ऑर्डर बंद केली, उद्यम नसलेला दुसरा कोणीतरी लसूणवाला धरलाय म्हणे.

आपला,
एक खातेलेखक वाचक, कोल्हापूर