तो चढ सायकल ढकलत चढलास तरी चालेल

सोन्या,

परवा फोनवर तू "आई, माझ्याच्याने नाही होणार ते डोंगरात सायकल चालवणं" म्हणालास आणि लगेच विषय बदललास, तेव्हाच ठरवलं की हे तुला लिहूनच सांगायचं, फोनवर तू मला पूर्ण बोलू देत नाहीस. नंतर तुझ्या बायकोने सांगितलं की नवी सायकल तीन आठवडे दाराआड उभी आहे, टायरवरचा चिखल तसाच वाळलाय आणि तू तिच्याकडे बघतही नाहीस. ऐकून वाईट वाटलं रे. सायकल पडून आहे त्याचं एवढं नाही, तू स्वतःबद्दल एका दिवसात निकाल लावून मोकळा झालास त्याचं वाटलं.

त्या दिवशी काय झालं ते मी पुन्हा पुन्हा डोळ्यासमोर आणलं. तू बारा वर्षं खुर्चीत बसून काम केलंयस, वजन 94 किलो, आणि पहिल्यांदाच डोंगरात गेलास ते अशा पोरांबरोबर जी चार-पाच वर्षं हेच करतायत. पहिल्याच चढाला तू मागे पडलास, उतरलास, ढकलत वर गेलास. वर सगळे तुझी वाट बघत उभे होते, पाणीबिणी पिऊन झालं होतं त्यांचं, तू पोचलास आणि ते लगेच पुढे निघाले. म्हणजे बघ, जो सगळ्यात जास्त दमलाय त्याच्याच वाट्याला सगळ्यात कमी विश्रांती! दिवसभर हेच चाललं असणार. असं कुणाचंही होईल बाळा, त्यात तुझ्यात काही कमी आहे असं अजिबात नाहीये. पुढच्या वेळी ग्रुपबरोबर गेलास तर सरळ सांगायचं की मी वर आल्यावर पाच मिनिटं थांबायचं. चांगली माणसं थांबतात. जी थांबत नाहीत त्यांच्याबरोबर सध्या जाऊ नकोस.

मी 53व्या वर्षी सुरू केलं तेव्हा पहिले चार महिने जवळपास प्रत्येक मोठा चढ मी ढकलतच गेले, हे तुला कधी सांगितलंच नाही बहुतेक. तुला वाटतं आई पहिल्यापासून चढत होती. नाही. आणि ढकलण्यात कमीपणा का नाही त्याचा हिशोबच सांगते, तुला हिशोब पटतो. तुझ्या सायकलला पुढे 32 दातांची चकती आहे आणि मागे सगळ्यात मोठी 51 दातांची. त्या सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पॅडलची पूर्ण एक फेरी मारलीस तरी चाक पाऊण फेरीही फिरत नाही, 29 इंची चाकाला म्हणजे साधारण दीड मीटर पुढे. मिनिटाला 60 फेऱ्या मारल्यास तर तासाला पाच-सव्वापाच किलोमीटर. माणूस भरभर चालतो तेवढाच हा वेग! म्हणजे तू धापा टाकत चालवत गेलास काय आणि शांतपणे ढकलत गेलास काय, वर पोचायला लागणारा वेळ फारसा बदलत नाही. बदलतं ते एवढंच की चालत गेल्यावर पुढच्या उताराला तुझे हातपाय ताळ्यावर असतात. दमलेला माणूस उतारावर पडतो, हे मी स्वतः भोगून शिकलेय.

आणि हा खेळ सुरू झाला तेव्हाही लोक ढकलतच होते. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत 1970च्या दशकात काही पोरं 30-40 वर्षं जुन्या, जाड टायरच्या जड सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटायची, बऱ्याचशांना गिअर नाहीत, वर जायचं तर ट्रकमध्ये टाकून नाहीतर ढकलत. 21 ऑक्टोबर 1976 ला त्यांनी तिथल्या एका कच्च्या रस्त्यावर पहिली शर्यत लावली, तिचं नाव रीपॅक. नाव असं का, तर पॅडल उलटं दाबून लागणारा मागचा ब्रेक त्या सुमारे 400 मीटरच्या उतारात एवढा तापायचा की चाकाच्या मधल्या हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि खाली आल्यावर पुन्हा भरायला लागायचं. त्यांच्यातल्याच जो ब्रीझ नावाच्या पोराने 1977 मध्ये खास या कामासाठी फ्रेम बनवली, आणि 1996 मध्ये तर अटलांटाला हे ऑलिम्पिकमध्ये गेलं.

आता दमाचं. तुझं बीपी वाढलेलं असतं म्हणून आधी डॉक्टरांना दाखवून ये, हे मी आई म्हणून हट्टाने सांगतेय, आणि चालवताना छातीत दाब वाटला किंवा चक्कर आली तर तिथल्या तिथे थांबायचं, "अजून थोडं" करायचं नाही. डॉक्टर हो म्हणाले की पहिले सहा आठवडे डोंगर विसर. सपाट कच्चा रस्ता बघ, आठवड्यातून दोनदा, जमलं तर तीनदा, पाऊण तास, मध्ये एक दिवस तरी मोकळा. वेग किती ठेवायचा याची एकच खूण, चालवता चालवता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला की जास्त होतंय, हलका गिअर टाक. तुला हे फारच सोपं वाटेल आणि काहीच होत नाहीये असं वाटेल पण आत बरंच काही होत असतं, पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं, नंतर हळूहळू मांड्यांच्या स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, त्याला महिने लागतात. स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे तर सगळ्यात मागून तयार होतात. म्हणून अंगात जोर आल्यासारखं वाटतं आणि गुडघा मात्र दुखायला लागतो, तेव्हा घाई नको. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तुझे तीन पाऊण तास झाले की 135 मिनिटं तर तिथेच झाली की रे!

गिअर चढाच्या आधी बदलायचा, चढ लागल्यावर नाही. पूर्ण जोर लावलेला असताना बदललास तर चेन कडकड करते, कधी तुटतेही. आधी हलका कर, मग चढाला लाग. आणि चढ तीव्र झाला की सीटवर थोडं पुढे सरकायचं, छाती खाली, कोपरं आत. फार मागे बसलास तर पुढचं चाक उचलतं, उभा राहिलास तर मागचं चाक सुट्या मातीत नुसतं फिरतं. हे दोन्हीमधलं जमायला वेळ लागतो, लागू दे.

पण मला खरी काळजी आहे ती उताराची. चढाला माणूस दमतो, लागतं मात्र उताराला. तू म्हणालास उतरताना हात सुन्न पडले आणि तळवे दुखत होते, त्यावरून कळलं की तुझा सगळा भार हँडलवर होता. भार पायांवर पाहिजे. उतार आला की सीट खाली घ्यायची, तुझ्या सायकलला हँडलवर बटण आहे ना त्यासाठी, ते वापर, आणि उभं राहायचं, दोन्ही पॅडल एका पातळीत, म्हणजे खालचं पॅडल दगडाला आपटत नाही. टाचा किंचित खाली, गुडघे सैल, कोपरं बाहेर. सायकलला खाली हलू द्यायचं, आपण वर शांत राहायचं. गुडघे-कोपरं हेच सगळ्यात चांगले शॉकअप आहेत, पुढच्या चाकावरचा शॉकवाला फोर्क नंतर.

ब्रेकवर एकच बोट ठेव, बाकीची बोटं हँडल धरायला. तुझ्या हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या डिस्क ब्रेकला एक बोट भरपूर होतं. पुढच्या ब्रेकला लोक घाबरतात, तोंडावर पडू म्हणून, आणि फक्त मागचा दाबतात, मग चाक लॉक होऊन घसरतं. थांबवण्याचं जास्त काम पुढचाच करतो, फक्त तो झटक्यात दाबायचा नाही, लिंबू पिळल्यासारखा हळूहळू, आणि त्याच वेळी कंबर मागे-खाली न्यायची. मोकळ्या मैदानात याची रोज वीस-वीस वेळा प्रॅक्टिस कर, मला कंटाळवाणी वाटायची पण या एकाच गोष्टीने माझी भीती अर्धी झाली. वळणाच्या आधी वेग कमी करून घ्यायचा, वळणात सायकल कललेली असताना पुढचा ब्रेक दाबलास तर चाक पायाखालून निघून जातं.

आणि नजर! माझं मनगट मोडलं होतं ना, सहा आठवडे प्लास्टर, ते कसं मोडलं ते तुला फक्त "पडले" एवढंच सांगितलं होतं. रस्ता चांगला रुंद होता, एकच दगड होता त्यात, आणि मी त्या दगडाकडेच बघत राहिले. बरोब्बर त्याच्यावरच गेले आणि पडताना हात पुढे टेकला. जिथे बघतो तिथेच सायकल जाते, म्हणून दगडाकडे नाही, दगडाच्या बाजूच्या मोकळ्या वाटेकडे बघायचं, आणि पुढच्या चाकाजवळ नाही तर पाच-दहा मीटर पुढे. आता रस्त्यावर दगड दिसला की मी मोठ्याने "वाट, वाट" म्हणते. अजूनही म्हणते. तू पण म्हण.

सायकल चांगली आहे तुझी, बदलायचा विचार करू नकोस. हार्डटेल नवशिक्याला उत्तम, मागे शॉक नसल्यामुळे खाली काय चाललंय ते पायांना नीट कळतं आणि सांभाळायलाही सोपी. फक्त टायर दाबून बघ, माझी खात्री आहे की दुकानदाराने डांबरी रस्त्यासारखी टणक हवा भरून दिलीय. माझ्याही सायकलला तसंच केलं होतं, दगडांवरून चेंडूसारखी उडायची आणि मला वाटायचं मलाच जमत नाहीये. तुझ्या वजनाला ट्यूबलेसमध्ये मागे 29 आणि पुढे 26 पीएसआय हवेच्या दाबापासून सुरुवात कर, मग एकेक कमी करत बघ, रिम दगडाला आपटायला लागली की पुन्हा दोन वाढव. सीटची उंची चढासाठी अशी की टाच पॅडलवर ठेवली तर खाली पाय सरळ होईल. बूड दुखतं म्हणून मऊ गादीवाली सीट आणू नकोस, त्यात माणूस रुततो आणि जास्त दुखतं, आतून पॅड असलेली चड्डी घाल आणि तिच्या आत दुसरं काही नको. दोन-तीन आठवड्यांत ते दुखणं जातं. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, एकदा जोरात आपटलं की बाहेरून चांगलं दिसलं तरी टाकून द्यायचं, आतला फोम एकदाच दबतो. गुडघ्याचे पॅड घाल. ते घातलेले बघून कोण काय म्हणेल याचा विचार करू नकोस.

तुला एक विचारायचं होतं. त्या दिवशी सगळं वाईटच होतं का रे? तुझ्या बायकोने सांगितलं की घरी आल्यावर आंघोळीच्या आधी तू दहा मिनिटं तिला त्या झाडीतल्या शेवटच्या पट्ट्याबद्दलच सांगत होतास, जिथे वळणामागून वळण येत होतं आणि तू एकदाही पाय टेकला नाहीस. हे तू मला फोनवर सांगितलं नाहीस. मला तेच जास्त ऐकायचं होतं.

मी रविवारी येतेय, माझी सायकल घेऊन. डोंगर नाही, सपाट रस्ताच, आणि मी तुझ्या मागून चालवणार म्हणजे वेग तुझाच राहील. मध्ये तो छोटा चढ लागतो तिथे दोघंही उतरू आणि बोलत बोलत ढकलत नेऊ. टायरच्या हवेला हात लावू नकोस, मीटरवाला पंप मी आणतेय. तेवढा तो वाळलेला चिखल पुसून ठेव आणि चेनला तेल घाल.

तुझी,
आई