बर्फाचा आवाज पुसू नका

महोदय,

अॅक्शन कॅमेऱ्यावर स्कीइंगचा पहिला व्हिडिओ कसा करावा, हा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. कॅमेरा कोणता घ्यावा, ‘फोर के’ इतकं बारीक तपशिलाचं चित्रण खरंच लागतं का, कार्ड किती वेगाचं असावं, हे सगळं त्यात नीट आलं आहे. पण एडिटिंगला बसल्यावर सर्वांत आधी मूळ आवाज बंद करा, त्यात वाऱ्याच्या घोंगावण्याशिवाय काही नसतं, वरून एखादं जोरकस संगीत टाका, हा त्यातला सल्ला मला मुळीच पटला नाही. म्हणून हे पत्र.

मी श्रवणतज्ज्ञ आहे. माणसाला काय ऐकू येतं आणि काय येत नाही, हे तपासण्यात माझी २२ वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात मी आयुष्यात पहिल्यांदा पायांत स्की चढवल्या, छातीवर कॅमेरा बांधला आणि पाच दिवसांत साधारण ३ तासांचं फुटेज जमवलं. त्यातून व्हिडिओ निघाला २ मिनिटं ४० सेकंदांचा. तो मी दोनदा बनवला. आधी आपल्या लेखात म्हटल्याप्रमाणे संगीत लावून, आणि मग संगीत काढून.

चित्राची अडचण आधी सांगते. या कॅमेऱ्यांची लेन्स फार रुंद पाहते. हात, गुडघे, उतार, समोरचा डोंगर सगळं एका फ्रेममध्ये मावतं, पण उतार सपाट होऊन जातो. ज्या उताराच्या तोंडाशी उभं राहून माझ्या पोटात गोळा आला होता, तो पडद्यावर अंगणासारखा दिसतो. वेगाचंही तसंच. जवळून मागे पळणारं झाड, खांब किंवा दुसरा माणूस फ्रेममध्ये नसेल, तर आपण किती जोरात चाललो आहोत याचा पत्ताच लागत नाही. चित्रातून हे जे गळून जातं, ते आवाजात शाबूत राहतं.

ताज्या भुसभुशीत बर्फावर स्की जवळजवळ आवाज न करता जातात, कारण त्या बर्फात हवेच्या असंख्य पोकळ्या असतात आणि त्या आवाज शोषून घेतात. यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारावर स्कीची कड नीट रुतली, की ‘सुर्र’ असा सलग, बारीक आवाज येतो. रात्रीत गोठून कडक झालेल्या पट्ट्यावर तीच कड घसरली, की तव्यावर उलथनं खरवडावं तसा आवाज येतो. तिसऱ्या दिवशी आमचे प्रशिक्षक मला म्हणाले, “पायांकडे बघू नका, ऐका.” त्यानंतरच्या क्लिप कानांनी तपासल्या तर खरवड कमी होत जाते आणि ‘सुर्र’ लांबत जाते. माझं वळण सुधारलं ते चित्रात दिसत नाही, पण ऐकू येतं. पहिल्या व्हिडिओत यापेक्षा मोलाचं दुसरं काय असणार?

वाऱ्याची तक्रार खोटी नाही. माइकवर हवेचे भोवरे आदळतात आणि घोंगावणं होतं. पण त्याचा मोठा भाग खालच्या, म्हणजे खर्जाच्या कंपनांचा असतो, आणि स्कीच्या कडेची खरखर त्याच्या कितीतरी वर असते. म्हणून एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये साधारण १५० हर्ट्झच्या खालचा आवाज फिल्टरने कापला की घोंगावणं बरंच उतरतं आणि बर्फ वर येतो. कॅमेरा हेल्मेटवर असेल तर वारा थेट लागतो. छातीवर असेल तर तो थोडा अडतो, मात्र तिथे जॅकेट घासतं. माझ्या पहिल्या दिवसाच्या सगळ्या क्लिपमध्ये चेनचा धातूचा पट्टा टकटकत होता. दुसऱ्या दिवशी तो चिकटपट्टीने दाबून टाकला. छातीवर बांधताना आणखी एक पाहावं. सरळ उभं राहून कॅमेऱ्याचा कोन ठरवू नये. गुडघे वाकवून, स्कीवर असतो तसा पवित्रा घेऊन ठरवावा, नाहीतर दिवसभर फक्त स्कीची टोकं चित्रित होतात.

माझ्या व्हिडिओत ११ सेकंदांची एक क्लिप आहे. डावीकडे वळताना मी पडले. चित्रात आभाळ, पांढरं, पुन्हा आभाळ, एवढंच. आवाजात मात्र सगळं क्रमाने आहे: कड सुटल्याची लांब खरवड, बाइंडिंगमधून, म्हणजे बूट स्कीला जखडणाऱ्या पकडीतून, बूट सुटल्याचा ‘टक्’, मग पूर्ण शांतता, मग माझा श्वास, आणि वरून येऊन थांबणाऱ्या प्रशिक्षकांच्या स्कीने उडवलेल्या बर्फाचा सपकारा. संगीत लावलेल्या व्हिडिओत ही क्लिप आली तेव्हा घरच्यांना काय झालं ते कळलंच नाही. आवाजासह दाखवली तेव्हा मुलीने माझा हात धरला.

आवाज ठेवला की कटसुद्धा सोपे होतात. उतारावर वर नेणाऱ्या स्की-लिफ्टमधलं शांत दृश्य संपायच्या सेकंदभर आधी पुढच्या शॉटमधला स्कीचा आवाज सुरू केला, की कान आधीच उतारावर पोचतात आणि कट खटकत नाही. स्लो मोशनमध्ये आवाज ताणला जाऊन बिघडतो, तिथे दुसऱ्या क्लिपमधला श्वास किंवा वारा हलका ठेवून द्यावा. संगीत हवंच असेल तर शेवटी, लिफ्टच्या दृश्यांवर लावावं.

बाकी लेखात सुटलेल्या दोन-तीन गोष्टी. फ्रेमभर बर्फ असला की कॅमेरा उजेड कमी करतो आणि बर्फ राखाडी येतो, त्यामुळे एक्स्पोजर अर्ध्या ते एका पायरीने वाढवावं. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, जादा बॅटरी अंगालगतच्या खिशात ठेवावी. आणि सुरक्षिततेवर लेखात एक ओळही नाही, हे मला फार लागलं. आंतरराष्ट्रीय स्की व स्नोबोर्ड महासंघाचे वर्तनाचे १० नियम आहेत. अरुंद किंवा नीट न दिसणाऱ्या जागी थांबू नये, आणि मागून येणाऱ्याने पुढच्याला धोका होणार नाही असा मार्ग घ्यावा, हे त्यांतले दोन. चांगल्या शॉटसाठी उताराच्या मधोमध उभे राहिलेले आणि मित्राच्या पाठीला चिकटून कॅमेरा धरणारे लोक मी रोज पाहिले.

माझ्या वडिलांची दृष्टी काचबिंदूने जवळजवळ गेली आहे. संगीताचा व्हिडिओ लावला तेव्हा ते थोडा वेळ बसले आणि “छान आहे” म्हणून उठले. दुसरा लावला तेव्हा शेवटपर्यंत मान पुढे करून बसले. मध्येच त्यांनी विचारलं, “इथे बर्फ कडक होता का गं?” होता.

पुढच्या लेखात मूळ आवाज बंद करण्याचा सल्ला मागे घ्यावा आणि वारा कसा कमी करायचा यासाठी निदान एक परिच्छेद द्यावा, अशी विनंती आहे.

– एक वाचक