लंडनचा तो मोर्चा वाया गेला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प आणि ब्रिटन यांच्यातल्या कुरबुरींवर आपल्या अंकात 2026 च्या जानेवारीअखेर एक लेख आला होता. लेखकांचं म्हणणं थोडक्यात असं, की ब्रिटन वर्षानुवर्षं अमेरिकेच्या ताटाखालचं मांजर होऊन राहिला, मग आता धन्याने झिडकारलं तर तिथल्या लोकांनी रुसायचं कशाला? 2003 साली इराक युद्धाविरुद्ध लंडनच्या रस्त्यांवर लाखो माणसं उतरली, त्यातून निष्पन्न काय झालं, असंही त्यांनी विचारलं आहे. मी 1976 पासून बर्मिंगहॅममध्ये राहते. नर्सची नोकरी इथेच केली, निवृत्तही इथेच झाले. त्या मोर्चात मी होते आणि त्यानंतरच्या युद्धांमधून जखमी होऊन आलेल्या मुलांची शुश्रूषाही मी केली आहे. म्हणून हे उत्तर.

आधी ताज्या गोष्टीविषयी. 22 जानेवारीला एका अमेरिकन वाहिनीला दिलेल्या मुलाखतीत ट्रम्प म्हणाले, की नाटोच्या देशांनी अफगाणिस्तानात सैन्य पाठवलं खरं, पण ते सैनिक आघाडीपासून जरा मागेच राहिले. अफगाणिस्तानात ब्रिटनचे 457 सैनिक मेले. डेन्मार्कसारख्या चिमुकल्या देशाने चाळीसहून अधिक माणसं गमावली. नाटोच्या करारात एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला असं एक कलम आहे. ते कलम आजवर एकदाच लागू झालं, ते 11 सप्टेंबर 2001 नंतर, अमेरिकेसाठी. पंतप्रधान स्टार्मर एरवी ट्रम्प यांच्याविषयी फार जपून बोलतात, पण या वेळी त्यांनीही हे विधान अपमानकारक असल्याचं उघड सांगितलं. दोन दिवसांनी ट्रम्प यांनी ब्रिटिश सैनिकांच्या शौर्याचं कौतुक करणारा मजकूर टाकला. त्याला माफी कुणी मानली नाही.

आपल्या लेखकांना हा रुसवा वाटतो. त्यांनी सेली ओक हॉस्पिटलचा वॉर्ड पाहिला असता तर असं लिहिलं नसतं.

इराक आणि अफगाणिस्तानातले गंभीर जखमी सैनिक आमच्या बर्मिंगहॅमला आणले जात. 2010 मध्ये हे काम नव्या क्वीन एलिझाबेथ हॉस्पिटलमध्ये गेलं, त्याआधी ते सेली ओकला चालायचं. रात्री-अपरात्री लष्करी विमान उतरायचं, तिथून अँब्युलन्स यायची. अफगाणिस्तानातल्या हेल्मंड प्रांतात काल पायाखाली सुरुंग फुटलेला मुलगा आज आमच्यासमोर. जखमेत खोलवर तिकडची माती, खडे, बुटाचे आणि पँटच्या कापडाचे तुकडे घुसलेले असायचे. अशी जखम एकदम शिवून टाकता येत नाही. एक-दोन दिवसांआड ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन ती धुवायची, मेलेलं मांस कापून काढायचं, पुन्हा उघडीच बांधायची. कधी गुडघ्याखाली वाचेल असं वाटलेला पाय शेवटी मांडीपासून जायचा. मुलं एकोणीस-वीस वर्षांची. शुद्धीवर आल्यावर बरीच मुलं पहिल्यांदा आपल्याबरोबरच्या दुसऱ्या मुलाचं काय झालं ते विचारायची. त्याचं उत्तर काय आणि कुणी द्यायचं, हे आम्हाला आधी ठरवून ठेवावं लागे.

अशाच एका मुलाची आई रोज संध्याकाळी काम सुटल्यावर यायची आणि त्याचे केस विंचरून द्यायची, कारण त्याचे दोन्ही हात बांधलेले होते. इथे सोळाव्या वर्षी सैन्यात नाव घालता येतं, मात्र अठराच्या आत असेल तर पालकाची सही लागते. ती सही तिने केली होती. लंडनच्या मोर्चालाही ती गेली होती. ती मला म्हणाली, “मी युद्धाच्या विरोधात चालले आणि पोराच्या फॉर्मवर सहीही केली. घरात पगार येत नव्हता, काय करणार?” अमेरिकेविषयी तिच्या तोंडून वाईट शब्द आला नाही. तिचा राग लंडनमध्ये बसून होकार देणाऱ्यांवर होता. आपल्या लेखकांनी सरकार आणि जनता एकाच तराजूत टाकली आहे, म्हणून मला ही बाई आठवली. तिच्या मुलाला कुणी तरी ‘जरा मागेच राहिला’ म्हणावं आणि तिने ते ऐकून घ्यावं, अशी अपेक्षा आहे का?

आता मोर्चाविषयी. तारीख 15 फेब्रुवारी 2003, शनिवार. बोचरी थंडी होती. आम्ही बर्मिंगहॅमहून कोचने गेलो. आमच्या गाडीत चर्चची मंडळी होती, मशिदीतली होती, माझ्या युनियनच्या दोघी होत्या, आणि आयुष्यात कधी घोषणा न दिलेली बरीच माणसं होती. दोन ठिकाणांहून निघालेले मोर्चे पिकॅडिली सर्कसला एकत्र आले आणि पुढे हाइड पार्ककडे सरकू लागले. सरकू लागले असंच म्हणायला हवं, चालायला जागाच नव्हती. पोलिसांचा आकडा साडेसात लाख, संयोजकांचा वीस लाखांपर्यंत. कुणाचाही धरा, या देशाने त्याआधी एवढा मोठा मोर्चा पाहिला नव्हता. शेजारून चालणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या कोटावर दुसऱ्या महायुद्धातली पदकं होती. ज्यांनी युद्ध लढलं आहे त्यांना या युद्धाचं कारण पटत नाही, एवढंच ते बोलले. बाकी वेळ त्यांनी पत्नीचा हात धरून पाय जपत चालण्याकडे लक्ष दिलं.

माझ्या मनात त्या दिवशी आणखी एक गोष्ट होती, ती तिथे कुणाला सांगून कळली नसती. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंगे गावाचे 46 जवान कामी आले, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेल. 1914 च्या नोव्हेंबरात ब्रिटिशांनी इराकमधल्या बसऱ्यात जे सैन्य उतरवलं ते पुण्याचं, सहावी पूना डिव्हिजन. त्यात मराठा पलटणी होत्या. 1916 च्या एप्रिलमध्ये इराकमधल्याच कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात अन्न संपून त्या डिव्हिजनला शरण जावं लागलं आणि कैदेत माणसं हजारोंनी मेली. माझ्या आजोबांचे थोरले चुलते बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत. आमच्या घरी त्यांचं श्राद्ध अंदाजाने धरलेल्या तिथीला व्हायचं. त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. म्हणून 2003 मध्ये टीव्हीवर ‘बसरा’ ऐकलं, ब्रिटिश फौज पुन्हा तिथेच निघाली आहे असं कळलं, तेव्हा मला घरी बसवेना.

मोर्चाने युद्ध थांबलं नाही, हे खरं. 18 मार्चला संसदेत मतदान झालं, युद्धाच्या बाजूने 412, विरोधात 149. आदल्याच दिवशी रॉबिन कुक यांनी युद्धाच्या निषेधार्थ मंत्रिपद सोडलं. तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्याच मजूर पक्षाच्या 139 खासदारांनी युद्धाला विरोध करणाऱ्या दुरुस्तीच्या बाजूने मत दिलं. दोन दिवसांत बाँब पडू लागले. ब्रिटनचे 179 सैनिक इराकमध्ये मेले. इराकी नागरिक लाखाहून अधिक मेले, त्यांच्यासाठी इथे कुठल्या भिंतीवर नावं कोरलेली नाहीत. इराककडे असल्याचं सांगितलेली महासंहारक शस्त्रं सापडलीच नाहीत. पुढे 2016 च्या जुलैमध्ये ब्रिटन या युद्धात कसा उतरला याची चौकशी करणाऱ्या चिल्कॉट समितीचा बारा खंडांचा अहवाल आला आणि ब्लेअर यांनी 28 जुलै 2002 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांना पाठवलेली चिठ्ठी सगळ्यांनी वाचली. तिची सुरुवातच अशी, की काहीही झालं तरी मी तुमच्याबरोबर असेन. आम्ही मोर्चा काढला त्याच्या सहा महिने आधीची ही चिठ्ठी! शांततेचे मार्ग संपलेले नसताना ब्रिटन युद्धात उतरला, असा निष्कर्ष चिल्कॉट यांनी काढला. ताटाखालचं मांजर म्हणायचंच असेल तर त्या चिठ्ठीच्या लेखकाला म्हणा. रस्त्यावरच्या माणसांना म्हणू नका.

पण गोष्ट इथे संपत नाही. आपल्या लेखकांनी 2013 साल पाहिलेलंच नाही. सीरियात दमास्कसजवळ रासायनिक हल्ला झाला. ओबामा हवाई हल्ल्याच्या तयारीत होते आणि पंतप्रधान कॅमेरन त्यांना साथ द्यायला निघाले होते. इराकनंतर एक प्रथा पडली होती, की सैन्य पाठवण्याआधी संसदेला विचारायचं. त्यामुळे 29 ऑगस्टला कॅमेरन संसदेपुढे गेले आणि 285 विरुद्ध 272 मतांनी हरले. चर्चेत इराकचं नाव पुन्हा पुन्हा निघत होतं. पुन्हा फसवणूक होईल ही भीती खासदारांना मतदारसंघातून घेऊन यावी लागली होती. दोनच दिवसांनी ओबामा यांनी जाहीर केलं, की आपणही आधी काँग्रेसची, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची, संमती मागू. ते सांगताना त्यांनी ब्रिटिश संसदेतल्या मतदानाचा उल्लेख केला. तो हल्ला झाला नाही. त्यामुळे सीरियातल्या लोकांचं भलं झालं की बुरं, यावर इथे आजही मतभेद आहेत आणि रासायनिक वायूने गुदमरलेल्या मुलांचे फोटो पाहिलेल्या कुणालाही ते मतदान हलकं वाटणार नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. अमेरिकेचा अध्यक्ष म्हणेल तेव्हा ब्रिटनचा पंतप्रधान निघाला, हे त्या दिवशी बंद पडलं आणि ते बंद पाडणारी माणसं दहा वर्षांपूर्वी पिकॅडिलीत उभी होती.

विचारल्यावर संसद प्रत्येक वेळी नकारच देते असंही नाही. 2015 च्या डिसेंबरमध्ये सीरियात आयसिस या दहशतवादी संघटनेवर हल्ले करण्याला 397 विरुद्ध 223 मतांनी होकार मिळाला. तो निर्णय मला पटला नव्हता, पण माझ्या खासदाराने कुठल्या बाजूने मत दिलं हे मला माहीत होतं आणि त्याचा जाब मी विचारू शकत होते.

नाही म्हटलं तर अमेरिका तुटेल, ही भीतीही पोकळ आहे. व्हिएतनामसाठी सैन्य पाठवा म्हणून अध्यक्ष जॉन्सन पंतप्रधान विल्सन यांच्या मागे लागले होते. विल्सन यांनी तोंडी पाठिंबा दिला, सैन्य पाठवलं नाही. त्यांनी तो तोंडी पाठिंबाही देऊ नये म्हणून 1968 मध्ये तरुण मंडळी ग्रोव्हनर चौकातल्या अमेरिकन वकिलातीवर चालून गेली. मैत्री तुटली नाही. आपल्या भारतानेही 2003 च्या जुलैमध्ये अमेरिकेची इराकसाठी सैन्य पाठवण्याची विनंती नाकारली. वाजपेयी सरकारचा तो निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. त्याने आपलं काय बिघडलं?

हा राग एकट्या ट्रम्प यांच्यावर आहे असंही समजू नये. 2020 च्या फेब्रुवारीत ट्रम्प सरकारने दोह्यात तालिबानशी करार केला, त्या टेबलापाशी ना अफगाण सरकार होतं ना ब्रिटन. पुढच्या वर्षी बायडन यांनी सैन्य काढून घेतलं आणि काबूल पडलं. हेल्मंडमधल्या सांगिन या एका तालुक्याएवढ्या भागात ब्रिटनची शंभरावर मुलं मेली होती. ते गाव 2017 मध्येच तालिबानच्या हाती गेलं होतं, आता काबूलही गेलं तेव्हा आमच्या वॉर्डातून घरी गेलेल्या मुलांना काय वाटलं असेल, या विचाराने मला कित्येक रात्री झोप लागली नाही. 2026 च्या जानेवारीत ग्रीनलंड विकायला नकार दिला म्हणून डेन्मार्कवर, आणि डेन्मार्कची बाजू घेतली म्हणून ब्रिटनसह आणखी सात देशांवर, ट्रम्प यांनी दहा टक्के आयातशुल्काची धमकी दिली. चार दिवसांनी ती मागे घेतली. त्या आठवड्यात इथल्या दुकानात, बसमध्ये, आमच्या मराठी मंडळाच्या रथसप्तमीच्या हळदीकुंकवातसुद्धा हाच विषय होता. हेल्मंडमध्ये आमच्या मुलांबरोबर लढलेल्या डेन्मार्कला असं वागवलं जातं, याचं लोकांना मनापासून वाईट वाटत होतं.

एक गोष्ट मात्र अजून व्हायची आहे आणि त्याविषयी आपण लिहावं असं मला वाटतं. युद्धाआधी संसदेला विचारण्याची जी प्रथा इराकनंतर पडली, ती केवळ प्रथाच राहिली आहे. 2018 च्या एप्रिलमध्ये तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी ट्रम्प आणि फ्रान्सबरोबर सीरियावर हल्ला केला, तेव्हा संसदेची सुट्टी चालू होती. मतदान झालं नाही. नंतर नुसतं निवेदन झालं. कायद्याने त्यांना कुणी अडवू शकत नव्हतं. संकट अचानक येतं, दर वेळी थांबून मतं मोजत बसता येत नाही, हा सरकारचा युक्तिवाद आणीबाणीपुरता मलाही मान्य आहे. पण आठवडेच्या आठवडे ठरत असलेल्या मोहिमेला तो लागू होत नाही. दुसऱ्या देशाच्या अध्यक्षाला आमच्या पंतप्रधानाने परस्पर शब्द देऊन टाकायचा आणि लोकांना मागाहून कळायचं, हे कायद्यानेच बंद झालं पाहिजे. पक्ष कोणता हे न पाहता मी दर निवडणुकीत उमेदवाराला हा प्रश्न विचारते आणि आमच्या खासदारांना याच आठवड्यात पुन्हा पत्र टाकलं आहे. आपल्या लेखकांनी पुढच्या लेखात या मागणीची दखल घ्यावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
बर्मिंगहॅम (माहेर : सातारा जिल्हा)