पद्मिनीच्या ड्राइव्हला अँबॅसडर आली तर बिघडलं कुठं?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या अंकात तुम्ही एका वाचकांचं पत्र छापलंत, की आपल्याकडच्या जुन्या फियाट-पद्मिनीवाल्यांच्या रविवारच्या ड्राइव्हमध्ये हल्ली कुठल्याही कंपनीच्या गाड्या घुसायला लागल्यात, सगळी मजा गेली, तर इथून पुढं फक्त फियाटच असा नियम करा. मी स्वतः पद्मिनीवालाच आहे, तीही जुनी हँडगिअरवाली, म्हणजे स्टिअरिंगजवळ गिअर असलेली, त्यामुळे त्यांना काय खुपतंय ते मला चांगलंच कळतं. पण त्यांनी सांगितलेला उपाय काही पटला नाही म्हणून हे लिहितोय.

आधी त्यांची जी बाजू बरोबर आहे ती मान्य करतो. ओळीनं वीस-पंचवीस पद्मिनी पिरंगुटच्या रस्त्यानं निघाल्या की लोक थांबून बघतात, म्हातारी माणसं हात करतात, कुणीतरी येऊन हमखास सांगतं की आमच्या वडिलांकडं हीच होती, हाच रंग होता. मध्येच एखादी भलतीच गाडी असली की तो फोटो तसा येत नाही हे खरंय. शिवाय मिसळ खाताना ज्या गप्पा होतात, दरवाज्याची रबरं कुठं मिळतात, कार्ब्युरेटरचं किट ओरिजिनल कुणाकडं आहे, कुठला मिस्त्री अजून हात लावतो, हे सगळं एकाच गाडीवाल्यांमध्ये जास्त रंगतं. क्लब मुळात त्यासाठीच असतो, ते नाकारायचं काही कारणच नाही.

पण फक्त फियाट म्हणजे नेमकं कोण हो? कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात आधी डॉज, प्लिमथ, डिसोटो जुळवल्या जायच्या, फियाट ११०० नंतर ५४ साली आली. पुढं त्याच गाडीची प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि मग ७४च्या सुमाराला पद्मिनी, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांच्या गाडीवर फियाटचं नावसुद्धा नाहीये. आणि ११८ एनईचं काय करणार? बॉडी फियाट १२४ची, इंजिन निस्सानचं, बनवली प्रीमियरनं. तिला आत घ्यायचं का गेटवर उभं ठेवायचं? याच नियमानं उद्या कुणी रांजणगावात बनलेली फियाट लिनिया घेऊन आला, एसी लावून, तर तो हक्कानं रांगेत येणार, कारण नाकावर फियाटचा लोगो आहे, आणि त्याच्या मागं ७०च्या दशकातली अँबॅसडर घेऊन आलेल्या माणसाला मात्र आपण सांगणार की काका, तुम्ही आमच्यात बसत नाही. एवढं सोवळं पाळायचं कशाला?

त्या अँबॅसडरवाल्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. एकदा ताम्हिणीत वर चढताना माझी गाडी बंद पडली. चढ, ऊन, दुसऱ्या गिअरमध्ये रखडत चाललेलो, तापमानाचा काटा वर गेलेला, म्हणलं इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपात व्हेपर लॉक झाला असणार, म्हणजे गरमीनं पेट्रोलची वाफ होऊन ते पुढं जात नाही, नेहमीचंच दुखणं, ओलं फडकं पंपावर टाकून बसलो. अर्ध्या तासानं स्टार्टर मारला तरी काही नाही. बाकीचे पद्मिनीवाले पुढं निघून गेलेले, घाटात मोबाईलला रेंज नाही. साताऱ्याचे एक काका होते अँबॅसडरवाले, त्या दिवशी पाहुणे म्हणून आलेले, ते मागून आले आणि थांबले. त्यांनी काही न बोलता डिस्ट्रिब्युटरच्या मधली वायर काढली, टोक इंजिनजवळ धरलं, मला म्हणले मार स्टार्टर, ठिणगीच नाही. ठिणगीला करंट देणारी कॉइल गेलेली. डिकीतून जुन्या टॉवेलात गुंडाळलेली त्यांची स्पेअर कॉइल काढली आणि दहा मिनिटांत बसवून दिली. १२ व्होल्टची कॉइल, तिला काय माहीत आपण कुठल्या गाडीवर बसलोय! पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणले नवीन घेतली की परत कर. आता अशा माणसाला पुढच्या ड्राइव्हला येऊ नका म्हणून कोण सांगणार, तुम्ही का मी?

आणि मजा गेली असं जे त्या पत्रात म्हटलंय ना, ती अँबॅसडरमुळे किंवा कॉन्टेसामुळे गेलेली नाही. सुरुवातीच्या कॉन्टेसात तर अँबॅसडरचंच १४८९ सीसीचं इंजिन होतं, ती एवढी मोठी बॉडी घेऊन आपल्या १०८९ सीसीच्या पुढं असं किती पळणार! मजा घालवली ती नव्या मोठ्या एसयूव्हीवाल्यांनी आणि सायलेन्सर बदलून फटाके वाजवणाऱ्या पोरांनी. ते सुरुवातीला रांगेत असतात, मुळशीच्या पुढं वळणं चालू झाली की त्यांच्यानं राहवत नाही, एकेक करून सगळ्यांना ओव्हरटेक करून पुढं जातात, मग रांग तुटते, मागच्यांना कळत नाही पुढचे कुठं वळले, आणि नाश्त्याच्या हॉटेलवर आपण पोचेपर्यंत त्यांचं खाऊन झालेलं, पार्किंग भरलेलं, आपली गाडी उन्हात रस्त्याच्या कडेला. गावातल्या लोकांच्या शिव्या मात्र सगळ्यांना सारख्याच. मला विचाराल तर यातल्या निम्म्या लोकांना जुन्या गाडीत काडीचा इंटरेस्ट नसतो, त्यांना रील पाहिजे असते.

म्हणून माझं म्हणणं असंय की कंपनी बघू नका, साल बघा आणि स्पीड बघा. लंडन ते ब्रायटन अशी जी जुन्या गाड्यांची प्रसिद्ध फेरी नोव्हेंबरात निघते, तिथं गाडी १९०५ च्या आधीची लागते, कंपनी कुठलीही चालते. आपल्या सरकारनंसुद्धा २०२१ साली व्हिंटेज नंबरचा जो नियम आणला, नंबर प्लेटवर व्हीए अक्षरांचा, त्यात गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात असावी एवढंच बघतात, फियाट का मॉरिस ते विचारत नाहीत. आपल्याला एवढं कडक नको, आपण २००० सालापर्यंतची गाडी म्हणू, म्हणजे पद्मिनी, अँबॅसडर, हेराल्ड, कॉन्टेसा, जिप्सी, पहिल्या मारुती ८०० सगळ्या आल्या, आणि लिनिया आपोआप बाहेर राहिली. ताफ्याचा स्पीड सगळ्यात हळू गाडीचा, ज्याला तो जमत नाही त्यानं दुसरीकडं जावं. एखादी नवी दणकट गाडी मात्र सगळ्यात शेवटी असू द्या, दोरी, पाणी आणि टूलबॉक्स घेऊन, कारण घाटात टोचन करायची वेळ आली तर पद्मिनीनं पद्मिनी ओढायची म्हणजे दोन क्लचप्लेटचा खर्च.

वर्षातून एक दिवस फक्त आपल्या गाड्यांचा ठेवा की, त्याला माझा पूर्ण पाठिंबा. त्या दिवशी डुक्कर फियाटपासून, म्हणजे जुन्या ११०० पासून, पद्मिनीच्या शेवटच्या एस वन मॉडेलपर्यंत सगळ्या ओळीनं लावू, फोटो काढू, ज्यांची गाडी जास्त ओरिजिनल त्यांचं कौतुक करू. पाहुण्यांनी त्या दिवशी यावं ते गाडी न आणता, नुसतं बघायला. बाकीच्या रविवारी दार उघडं ठेवा.

कारण आपण उरलोय किती याचाही विचार करायला पाहिजे. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनीची काळीपिवळी टॅक्सी गेली. टॅक्सी होत्या तोवर तिथं मिस्त्री होते, पार्ट होते, सेकंडहँड गिअरबॉक्स मिळायचा. आता तो सगळा धंदाच बसत चाललाय. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी री-पासिंगला आरटीओत उभं राहायचं, पर्यावरण कर भरायचा, ही कटकट अँबॅसडरवाल्याला पण तेवढीच आहे आणि मारुतीवाल्याला पण. उद्या फी आणखी वाढली किंवा जुन्या गाड्या सरसकट भंगारात घाला म्हणून फतवा निघाला तर निवेदन घेऊन पंधरा पद्मिनीवाले जाण्यापेक्षा सगळे जुने गाडीवाले मिळून गेलेले बरे, निदान साहेब वर मान करून बघतील तरी.

आयोजकांना एकच विनंती, दिवाळीनंतरच्या ड्राइव्हचा मेसेज टाकाल तेव्हा हे साल आणि स्पीडचं आधीच स्पष्ट लिहा, गेटवर आल्यावर कुणाला परत पाठवू नका, ते वाईट दिसतं. आणि कंपनी कुठलीही असो, इन्शुरन्स आणि पीयूसी चालू असल्याशिवाय कुणाला रांगेत घेऊ नका, एवढ्या गाड्या एकत्र दिसल्या की पोलीस पहिलं तेच मागतात आणि एकाचं नसलं की सगळे खोळंबतात.

आपला,
एक पद्मिनीवाला, कोथरूड, पुणे