हळदीचा ट्रॅकसूट

सांगली,
कोजागरीनंतरचा रविवार

प्रिय ड्रॅगन,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

परवा फोनवर तू विचारलंस, पिक्चर कसा होता, आणि मी "बरा होता" म्हणून फोन ठेवला. दुधाचं पातेलं खाली न्यायचं होतं आणि बायको जिन्यात उभी होती. आज निवांत लिहितो, कारण तो पिक्चर तुझ्यासाठीच काढल्यासारखा आहे.

कोजागरीला आमच्या गच्चीवर पंधराएक माणसं जमली होती. भाच्याने कुठून तरी प्रोजेक्टर आणला आणि पाण्याच्या टाकीला पांढरी चादर बांधली. पिक्चर इंग्रजी, त्यामुळे पोरगं बाजूला उभं राहून कीर्तनकारासारखं मराठीत सांगत होतं. नाव 'फिनिशिंग द गेम', साल २००७, दिग्दर्शक जस्टिन लिन. मोटारी उडवणाऱ्या 'फास्ट अँड फ्युरियस'वाला तोच हा. पण इथे मोटारी नाहीत आणि, खरं सांगायचं तर, मारामारीही फारशी नाही. लोक चिडले ते तिथेच.

गोष्ट अशी. २० जुलै १९७३ ला ब्रूस ली गेला, वय अवघं ३२. त्याचा 'गेम ऑफ डेथ' हा पिक्चर अर्धवट राहिला. इथपर्यंत सगळं खरं. पुढे या पिक्चरवाल्यांनी थाप मारली आहे की निर्मात्यांकडे बारा मिनिटांचीच फिल्म आहे आणि उरलेला पिक्चर पुरा करायला ते दुसरा ब्रूस ली शोधतायत. त्या शोधाचा माहितीपट करणारी मंडळी कॅमेरा घेऊन मागे फिरतायत. रंग सत्तरीतल्या फिल्मसारखे उडालेले, केस कानावर, पँटी खाली फाकलेल्या. ब्रीझ लू म्हणून एक नट आहे, नकली कुंग-फू पिक्चरचा हिरो, आणि तोंड वर करून सांगतो की मी कुणाची नक्कल करत नाही. दुसरा एकेकाळी टीव्हीवरच्या पोलिसी मालिकेत होता, आता कुणी विचारत नाही. एक गडी तर दिसायला सरळसरळ गोरा, पण मी चिनी वंशाचा आहे म्हणून आशियाई लोकांच्या हक्कांवर भाषण ठोकतो. कुणीही कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारत नाही.

तुला आठवतं, आपल्या दारात बहुरूपी यायचा? खाकी कपडे, हातात काठी, चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. "तुमच्या नावाचं वॉरंट आहे" म्हणायचा आणि तुझी आजी खरंच घाबरून देवघरात जायची. तो हसला असता तर त्याला कुणी चार आणे दिले नसते. या पिक्चरची सगळी मजा तसलीच. शेजारचे काका अर्धा तास खरं समजूनच बघत होते. मध्येच म्हणाले, "पण ह्या बातम्या एवढ्या जुन्या का लावल्यात?" आणि शेवटी, "मग घेतला कुणाला?" मला वाटतं, त्या रात्री पिक्चरला मिळालेली सगळ्यात मोठी दाद तीच होती. काकांना मात्र ते पटणार नाही.

खरी बहार आली ती आबांमुळे. आपल्या तालमीतले वस्ताद, आता ऐंशीच्या पुढे. खुर्चीत काठीवर हनुवटी टेकून बसले होते. कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती मानेंच्या कुस्त्या डोळ्यांनी बघितलेला माणूस, त्याला हे काय वाटणार? बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "ह्यातल्या एकाची तरी मांडी बघितलीस का? आखाड्यात पाणी मारायलासुद्धा उभा करणार नाही मी." सगळे हसले. आबा नाही हसले. थोड्या वेळाने म्हणाले, "पैलवान गेला, आणि त्याचा लंगोट कुणाला बसतोय हे बघत बसलेत की रे." ड्रॅगन, दीड तासाच्या पिक्चरचा अर्थ एका वाक्यात सांगून ते दूध प्यायला लागले.

कराटे क्लासचे सर मात्र नाराज झाले. मध्येच उठून कठड्याशी जाऊन उभे राहिले. म्हणाले, ब्रूस लीची टिंगल चाललीय, ज्याच्या फोटोला आम्ही हार घालतो त्याची. मी तिथे वाद घातला नाही, कारण त्यांच्या क्लासात त्या फोटोखाली मीही वाकलोय. पण मला ते पटलं नाही. या पिक्चरमध्ये ब्रूस लीला कुणी बोटही लावत नाही. चेष्टा होते ती त्याला खुंटीवरचा शर्ट समजणाऱ्यांची. आणि थट्टा खऱ्या प्रकारापुढे फिकी आहे, हे सरांना सांगायला हवं होतं. 'गेम ऑफ डेथ' १९७८ मध्ये खरंच पुरा केला. तोही ब्रूस लीच्या 'एंटर द ड्रॅगन'च्याच दिग्दर्शकाने, रॉबर्ट क्लाउझने. दुसऱ्या माणसांना गॉगल आणि खोटी दाढी लावून उभं केलं. एका दृश्यात आरशावर ब्रूस लीच्या चेहऱ्याचं कापलेलं चित्र चिकटवलंय, आणि खाली भलताच माणूस बसलाय. गोष्टीतला हिरो मेल्याचं नाटक करतो तिथे ब्रूस लीच्या खऱ्या अंत्ययात्रेची फिल्म वापरली. मयताची! याच्यापुढे विनोदी पिक्चर काढणाऱ्याने काय करायचं?

आणि आपण तरी कुठले शहाणे. ब्रूस ली गेल्यावर हाँगकाँग-तैवानकडच्या निर्मात्यांनी त्याच्यासारखे दिसणारे नट उभे केले आणि नावंही मिळतीजुळती ठेवली. इंग्रजी पोस्टरवर स्पेलिंगमध्ये एखाद्या अक्षराचा फरक. पण आपल्या व्हिडिओवाल्याच्या दारातल्या खडूच्या फळीवर देवनागरीत काय लिहिणार? सगळेच 'ब्रूस ली'! एकदा पडद्यावर आलेला माणूस मला भलताच वाटला आणि मी तसं म्हणालो, तर तू माझी कॉलर धरलीस. "त्यानं ह्या पिक्चरसाठी वजन वाढवलंय," असं ठणकावून सांगितलंस. मला हे आठवलं आणि मी गच्चीवर एकटाच हसत सुटलो. लोकांना वाटलं पडद्यावर काही तरी झालं.

आता बायकोचं मत, कारण ते मला सुचलंच नव्हतं. निवड चालू असते, एकेक पोरगा येतो. उंची किती, जरा वळ, जरा चालून दाखव, ओरडून दाखव. ती म्हणाली, "अगदी कांदेपोह्यांचा कार्यक्रम. फक्त पोहे नाहीत." गच्चीवरच्या सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या. कुणाला साडी किंचित वर करून पाय बघू म्हणाले होते, कुणाला मोठ्यानं वाचून दाखवायला लावलं होतं. पिक्चर दहा मिनिटं थांबवावा लागला. त्यानंतर त्या पोरांच्या फजितीवर बायका तेवढ्या मोकळ्या हसेनात. पुरुष मात्र हसत राहिले.

भाच्याचं म्हणणं, मधला भाग रेंगाळतो आणि तोच तोच विनोद तीनतीनदा येतो. हे खरं आहे. शिवाय अर्धे विनोद अमेरिकेत राहणाऱ्या चिनी-कोरियन माणसांच्या पोटातले आहेत. तिथल्या सिनेमानं त्यांना कसं धोबी किंवा नोकर करून ठेवलं, ते आपल्याला कुणी तरी समजावून सांगावं लागतं, आणि समजावलेल्या विनोदाला हसू येत नाही. ब्रीझ लूच्या पिक्चरचे तुकडे तेवढे सगळ्यांना कळले. झपकन तोंडाजवळ येणारा कॅमेरा, हात हलायच्या आधीच 'फट्' असा आवाज. पोरं खुर्च्यांवरून खाली आली. मला विचारशील तर पहिला अर्धा तास उत्तम, पुढचं चालवून घ्यावं. आणि शेवट सांगत नाही, तू येशील तेव्हा बघ.

पण मी हे सगळं ज्यासाठी लिहायला बसलो ते वेगळंच. पडद्यावर ब्रूस लीचा तो पिवळा, काळ्या पट्ट्यांचा ट्रॅकसूट दिसला आणि मला आपलं नववीचं स्नेहसंमेलन दिसलं. तुझे अण्णा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर. तू त्यांच्याकडून मूठमूठ हळकुंडं पळवलीस, दगडावर कुटलीस आणि भावाचा पांढरा पायजमा-बनियन बादलीत बुडवला. पट्टे बूटपॉलिशचे. नानचाकू म्हणजे मोडकं लाटणं दोन तुकड्यांत आणि मध्ये सायकलची चेन. मी हान, 'एंटर द ड्रॅगन'मधला खलनायक, तुझ्या लाथा खायला. ट्यूबलाइटच्या उजेडात तू घामेजलास आणि रंग माझ्या शर्टाला, पडद्याला, मुख्याध्यापकांनी पाठीवर थाप मारली त्या हाताला! लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग घरी तुझ्या आईनं ते कपडे सोड्यात घातले आणि पिवळ्याचं लालभडक झालं. माउली रक्त समजून ओरडत बाहेर आली. हळदीला सोडा लागला की ती लाल होते, हे आपल्याला दहावीला शाळेत शिकवलं. तुला आधीच माहीत होतं.

त्या वर्षी तू मला मुंबईला जाऊन पिक्चरमध्ये घुसायचं म्हणाला होतास. कुणाला सांगू नकोस म्हणालास, म्हणून मी आजवर कुणाला सांगितलं नाही. परवा त्या टीव्हीवाल्या नटाला नाही म्हणतात तेव्हा तो नीट उठतो, खुर्ची जागेवर सरकवतो आणि आभार मानून जातो, असं काहीसं मला दिसलं. पिक्चरमध्ये खरंच तसं आहे का मी मनानं भर घातली, देव जाणे. मी तेव्हा पडद्याकडे बघत होतो, पण बघत तुलाच होतो.

असो. दिवाळीला येतोयस ना? पिक्चर पेन ड्राइव्हवर ठेवलाय. येताना वहिनींना आणि पोरांना घेऊन ये. त्यांना तो पायजमा दाखवू, तुझ्या आईनं अजून टाकलेला नाही, शिलाई मशीनवर झाकण म्हणून घालते. आणि आबांनी निरोप दिलाय. मी त्यांना तुझी आठवण सांगितली, तर म्हणाले, "येऊ दे. मांडी बघतो त्याची."

तुझा,
हान