अण्णा, हँडब्रेकचं फडकं अजून सोडलेलं नाही

सोलापूर

आदरणीय अण्णा,

सादर नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर असलं काही वाचत नाही, ठाऊक आहे मला. नातू वाचून दाखवील आणि निम्म्यातच तुम्ही "बास कर बे, चौदाचा पाना दे इकडं" म्हणाल, तेही ठाऊक आहे. तरी लिहितेय. समोर आभार मानायला लागलं की तुम्ही बोनेटमध्ये डोकं घालता, मग बोलायचं कुणाशी?

कोईम्बतूरहून येऊन पंधरा दिवस झाले. गाडी ठणठणीत आहे. शनिवारी तिथल्या कारी मोटर स्पीडवेच्या रेस ट्रॅकवर पळाली, रविवारी हजारेक किलोमीटर परत आली आणि सोमवारी पावणेनऊला तुळजापूरला कॉलेजच्या फाटकातून आत गेली. शिपायाला कळलंही नाही की ही कुठं जाऊन आली.

मार्चमधल्या त्या दुपारी अशोक चौकापुढच्या तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी आले तेव्हा हातात यादी होती. इंजिनाचं रीमॅप (म्हणजे जोर वाढवायला त्याच्या कॉम्प्युटरमधली गणितं बदलणं), गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, मोठा एअर फिल्टर, मोठ्या तोंडाचा सायलेन्सर. बेरीज दीड लाखाच्या वर गेली होती आणि तितके पैसे मी बाजूलाही काढले होते. तुम्ही चष्मा पुसला, यादी वरून खाली वाचली, मग परत खालून वर वाचली आणि विचारलंत, "अक्का, ह्यात गाडी थांबवायचं कुठं लिवलंय?"

अण्णा, मी फिजिक्स शिकवते. वेग दुप्पट झाला की गाडीतली गतिज ऊर्जा चौपट होते आणि ब्रेक दाबला की ती सगळी उष्णता होऊन चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या डिस्कमध्ये जाते, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. पण त्या यादीत ब्रेकचा ब नव्हता. वर्गात हे कुणाला सांगितलेलं नाही, इथं सांगते.

गाडीबद्दल दोन शब्द, कारण हे पत्र बाकीचेही वाचतील. फियाटची अबार्थ पुंटो. १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ हॉर्सपॉवर, चारी चाकांना डिस्क, बिल्ल्यावर विंचू. २०१५ साली ती बाजारात आली तेव्हा आपल्या रांजणगावच्या कारखान्यात तयार व्हायची. मी घेतली सेकंडहँड. आता नवीन मिळत नाही आणि सुटे भाग शोधताना नाकी नऊ येतात. गल्लीतली पोरं तिला विंचवाची गाडी म्हणतात. तुम्ही मात्र पहिल्या दिवसापासून "रांजणगावची पोरगी" म्हणालात आणि तिच्याशी तसेच वागलात.

आणि कारी मोटर स्पीडवे म्हणजे कोईम्बतूरजवळ चेट्टीपाळयमला असलेला छोटा ट्रॅक, दोन किलोमीटरच्या थोडा वर. एस. करिवर्धन यांच्या नावावरून नाव पडलं. मारुती ८००चं इंजिन घेऊन त्यांनी फॉर्म्युला मारुती नावाची एकसीटी रेसगाडी उभी केली होती. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही पाना खाली ठेवलात. "आठशेच्या इंजिनावर? मग माणूस शाना हुता," म्हणालात. मला वाटतं, ट्रॅकला जायची परवानगी तुम्ही खरी तिथं दिलीत.

एसटीच्या वर्कशॉपमध्ये तुमची चौतीस वर्षं गेली. बसचा ब्रेक हवेचा आणि माझ्या गाडीचा तेलाचा, हा फरक सांगून मगच तुम्ही सुरू केलंत. बसमध्ये घाट उतरताना ड्रम तापतो, ड्रमला घासणारे लायनर गुळगुळीत होतात आणि ब्रेक लागेनासा होतो. म्हणून ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं. छोट्या गाडीत त्याशिवाय आणखी एक दगा असतो, तो तेलात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं. माझ्या गाडीतलं डॉट ४ दर्जाचं तेल नवं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी प्यायलेलं असेल तर हीच हद्द १५५ वर येते. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पाय जमिनीपर्यंत जातो आणि गाडी आपली चाललेलीच. रोज तुळजापूरला जाताना तेल कधी इतकं तापतच नाही, म्हणून चार वर्षं बदललं नाही तरी पत्ता लागत नाही. ट्रॅकवर तिसऱ्या फेरीतच लागतो.

तेल काढलं तो रविवार मला अजून दिसतो. तुम्ही ती फाटकी सोलापुरी चादर अंथरून गाडीखाली गेलात. मेडिकलमधून आणलेली सलाइनची नळी चाकाच्या ब्रेकवरच्या निपलला, म्हणजे तेल सोडायच्या तोटीला, लावली आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत, थोड्या नव्या तेलात बुडवून ठेवलं. मी आत ब्रेकवर पाय ठेवून बसले. सगळ्यात लांबचं म्हणून मागचं डावं चाक आधी, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. "दाबा. धरा. धरा म्हन्लं की. सोडा." बाजूच्या कारखान्यात माग खटखटत होते आणि त्या आवाजात तुमचं "धरा" आणि "सोडा" मला एकसारखंच ऐकू येत होतं. मागच्या उजव्या चाकाला मी घोळ केला. निपल बंद व्हायच्या आत पाय उचलला आणि सैल निपलच्या आट्यांतून हवा आत गेली. तुम्ही गाडीखालून एवढंच म्हणालात, "हवा खाल्ली. परत." ओरडला असता तर बरं वाटलं असतं. बाटलीत जमलेलं तेल उकळून उकळून काळपट झालेल्या चहासारखं होतं. नवं आलं ते फिकट, मधासारखं. ती काळी बाटली तुम्ही उन्हात धरलीत आणि मला म्हणालात, "ह्याच्यावर पोरं घेऊन फिरायलाव?" पोरं म्हणजे माझ्या भाचरांबद्दल. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्याच दिवशी पुढच्या डाव्या ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, ग्रीस धरून ठेवणारा रबरी बूट फाटलेला सापडला. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे काळे शिंतोडे उडाले होते, डिस्कला पॅड आवळणाऱ्या कॅलिपरपासून चार बोटांवर. आठच दिवसांपूर्वी एका मोठ्या, एसीवाल्या गॅरेजमधून पूर्ण तपासणीचा कागद घेऊन मी आले होते आणि त्यात सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा होत्या. तुम्ही कागदाकडे पाहिलंही नाहीत.

नवे ब्रेक पॅड बसवल्यावर ते 'भाजायला' आपण पहाटे मंगळवेढा रस्त्याला तिऱ्हे गावाच्या पुढं गेलो. तुम्ही डाव्या सीटवर, मांडीवर डबा, दारावरची मूठ घट्ट धरून. ऐंशीवरून वीसपर्यंत आणायचं, पण पूर्ण थांबवायचं नाही. असं दहा वेळा. नंतर ब्रेक न लावता नुसतं फिरवून गार करायचं. का, तर पॅडचा पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसावा. तापलेली डिस्क पॅडनं एका जागी धरून ठेवली तर तिथं डाग धरतो आणि मग ब्रेक लावताना स्टिअरिंग थडथडतं. "नवा बिडाचा तवा काकू कशा वापरात आन्त्यात? तसंच की वो," हे तुमचं वाक्य मी आता वर्गात वापरते. सातव्या खेपेला जळका वास आला तेव्हा मी घाबरले आणि तुम्ही डबा उघडून कडक भाकरी तोडलीत. अण्णा, इतका वेळ त्या डब्यात काय आहे म्हणून मी विचार करत होते!

एक कबुली. यादीतला एअर फिल्टर मी गुपचूप दुसरीकडून बसवून घेतला होता. तुम्ही मला काही बोलला नाहीत. गाडी शेडसमोर उभी राहायच्या आत मान वाकडी करून म्हणालात, "शिट्टी वाजायली." मग आत हात घालून सैल राहिलेली क्लिप आवळलीत. विषय संपला. फिल्टरनं गाडी किती जोरात पळाली ते विचाराल तर, आवाज छान येतो.

निघायच्या आदल्या रात्री तुम्ही डिकी उघडलीत आणि हसलात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते माझ्या डिकीत तंतोतंत होतं: उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, छत्र्या दोन, देवीच्या ओटीचं सामान, शेंगा चटणीची बरणी, शिवाय कधीतरी लागेल म्हणून वीट. "तिथं पोचलं की ह्यातलं एकबी गाडीत ठिवायचं नाय. सुटी बरणी वळणावर डोक्यात येत्ये." ड्रायव्हरच्या पायाखालची मॅटसुद्धा काढायला लावलीत, पेडलखाली सरकू नये म्हणून. विमा चालतो का, हेही तुम्हीच विचारलंत. पॉलिसी काढून वाचली तर शर्यत आणि वेगाची चाचणी असला वापर चक्क वगळलेला. "मंग डोकं घेऊन जावा," म्हणालात. आणि शेवटी खिशातून केशरी फडक्याची चिंधी काढून हँडब्रेकला बांधलीत. "हात लागला की आठवंल."

आता ट्रॅकवरचं, जे तुम्ही फोनवर "बरं बरं" करून ऐकून घेतलं नाहीत.

तपासणीवाल्यानं बॅटरी हलवून पाहिली, ब्रेकलाइट पाहिले, गाडीखाली वाकून पाहिलं, हेल्मेट पाहिलं. तीन मिनिटांत मोकळी. माझ्या शेजारच्या गाडीची बॅटरी ढिली निघाली आणि तो बिचारा दोरी शोधत फिरत होता. मी हातोडी काढली आणि तुम्ही शिकवलं तसं चाकाचा एकेक बोल्ट ठोकून आवाज ऐकला. लोक बघत होते. एकानं विचारलं, तुमच्याकडे टॉर्क पाना, म्हणजे किती जोरानं आवळलं ते मोजणारा पाना, नाही का? आहे म्हटलं, त्यानं आवळलेत, पण आधी कानाला विचारते.

पंधरा-पंधरा मिनिटांची सत्रं होती. कॉलेजातून खडू नेला होता, तो टायरच्या खांद्यावर आडवा ओढला. परत आल्यावर पाहायचं, कुठपर्यंत पुसलाय. पुढच्या डाव्या टायरचा खडू काठावरच्या त्रिकोणी खुणेच्याही खाली पुसला होता, म्हणजे टायर कडेवर लोळत होता. दोन पौंड हवा भरली, पुढच्या खेपेला खडू खुणेवर थांबला. एका खडूत एवढं कळतं, हे इतकी वर्षं खडू हातात धरून मला माहीत नव्हतं. मागच्या टायरांची हवा उलट तापून वाढली होती, ती थोडी सोडली.

पहिल्या सत्रानंतर शेवटची फेरी ब्रेक न लावता हळू काढली, जागेवर आले, टर्बो गार व्हावा म्हणून इंजिन मिनिटभर चालू ठेवलं, बंद केलं आणि हात आपोआप हँडब्रेककडे गेला. बोटांना फडकं लागलं. अण्णा, तापलेल्या डिस्कवर पॅड आवळून ठेवू नका म्हणून तुम्ही चार वेळा सांगितलं होतं आणि मी चार वेळा मान हलवली होती. सगळं विसरले होते. फडक्यानं हात मागं घेतला. पहिला गिअर टाकला आणि तुम्ही तासून दिलेली लाकडी पाचर चाकाला लावली.

मी काही फार जोरात नव्हते. जवळजवळ सगळे मला ओलांडून गेले, त्यात एक जुनी मारुती एस्टीम पण. दुसऱ्या सत्रात माझ्या पुढची एक भारी गाडी वळणावर थांबलीच नाही, सरळ मातीत गेली. त्याला काही झालं नाही. नंतर चहा पिताना तो म्हणाला, पेडल एकदम स्पंजासारखं झालं. तेल कधी बदललं होतं, विचारलं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मार्चमधली मी मला त्याच्यात दिसले.

तिसऱ्या सत्रात माझंही पेडल नेहमीपेक्षा बोटभर खाली गेलं. आणखी दोन फेऱ्या उरल्या होत्या आणि त्या एस्टीमला गाठायचं फार मनात होतं. तुमचं "एक बोट खाली गेलं की आत यायचं" आठवलं आणि आत आले. चिडूनच आले, खोटं कशाला बोलू. अर्ध्या तासानं पेडल परत जागेवर होतं, पण चौथं सत्र मी सोडून दिलं. त्याच गाडीनं बेंगळुरू, चित्रदुर्ग, विजापूर करत घरी यायचं होतं. रविवारी रात्री भीमेचा पूल ओलांडून टाकळीत शिरले तेव्हा पहिला फोन तुम्हाला केला, आईला नंतर. हे तिला वाचून दाखवू नका.

यादीतले दीड लाख तसेच शिल्लक आहेत. तुम्ही सामानाचे पैसे आणि वर मजुरीचे आठशे रुपये घेतलेत, तेही मोजून दोनशे परत देत होतात. त्यावर मी आता भांडत नाही.

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा पट्टा, वर्षांच्या हिशेबानं बदलायला आलाय. ह्या इंजिनात तो तुटला तर व्हॉल्व्ह वाकतील, हे तुम्ही मार्चमध्येच म्हणाला होता. बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनर पुण्याहून मागवलेत. येत्या रविवारी आठला येते. गाडीखाली अंथरायची चादर मी आणते, नवी. तुमची ती आता टाकून द्या.

तुमची,
विंचवाच्या गाडीवाली अक्का